बाळंतखोलीचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला झुळझुळणारा नव्हे, आणि नाटकाचा तर मुळीच नव्हे. मला तीन लोखंडी पानं आहेत, त्यांवर हिरवं कापड ताणलंय आणि खाली सहा चाकं आहेत. दोन चाकं आता फिरत नाहीत. उरलेली चार फिरताना एवढी कुरकुरतात की माझी मलाच लाज वाटते. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला असलेल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात माझा जन्म गेला. दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. जे झालं ते सांगायचं आहे, कोणाची अब्रू काढायची नाही.

येत्या सोमवारी साहेब येणार आहेत आणि माझं निर्लेखन होणार आहे. भंगारात काढण्याला कचेरीत असा भारदस्त शब्द आहे. तेव्हा तोवर तुमच्याशी चार शब्द बोलून घेतो. मी थोडा फटकळ आहे, ते सांभाळून घ्या.

भुसावळला एका वेल्डिंगवाल्याने मला घडवलं. साल एक्याऐंशी. पांढरा ऑइलपेंट दिला, पाठीवर लाल अक्षरांत लिहिलं, 'पडदा, तीन पानी, नग एक'. मग दोन लोखंडी खाटांबरोबर ट्रकमधून मी आलो. वाटभर त्या खाटा मला टोचत होत्या, पण मी खुशीत होतो. घडवणारा म्हणाला होता, "हा बायांच्या खोलीत लागतो. बाई अडलेली असली की हा तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहतो." माझं काम मला तेव्हाच समजलं. एवढं सोपं काम! नुसतं उभं राहायचं.

पण ते सोपं कामही मला कोणी करू दिलं नाही.

झालं असं की त्या बाळंतखोलीत सगळ्यांचीच कामं होती. नळ तिथे. सुया आणि सिरिंजा उकळायचा डबा तिथे. औषधांचं कपाट तिथे. त्यामुळे ज्याला जे हवं तो दार ढकलून आत यायचा, हवं ते घ्यायचा आणि जायचा. मी वाटेत उभा असलो की येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण व्हायची. आठ दिवसांत कोणीतरी माझी तिन्ही पानं मिटली आणि मला कपाटाच्या मागे सरकवलं. नंतर माझ्यावर ओले टॉवेल वाळायला लागले. साहेबांची भेट असली की मला बाहेर काढून मोडक्या खुर्च्यांपुढे उभं करत. बाया उघड्या आणि खुर्च्या पडद्यात! आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

पुढचं समजायला तुम्हाला आमच्या खानदेशातली एक रीत माहीत हवी. घरातला मोठा माणूस, म्हणजे सासरा किंवा थोरला दीर, ज्याला आम्ही जेठ म्हणतो, बाहेरून आला की आधी उंबऱ्याशी खाकरतो. तो खाकरला की सून डोक्यावरचा पदर पुढे ओढते, बाजूला होते, आणि मग तो आत पाऊल टाकतो. सून त्याच्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर तिचा आवाजही निघत नाही. काही सांगायचंच झालं तर ती उंबऱ्याला सांगते, "उंबरठा रे, सांग, ताट वाढेल शे." उंबऱ्याला कुठले कान! पण जेठ ऐकतो आणि हात धुऊन पाटावर बसतो. ही रीत चांगली की वाईट, हा वाद मी घालत नाही. पण त्या खाकरण्यात एक गोष्ट होती. आत कोणीतरी आहे, तिला सावरायला वेळ द्यावा, एवढं भान त्यात होतं. आणि गंमत अशी की घरी खाकरून येणारी हीच माणसं आमच्या दवाखान्यात दार ढकलून सरळ आत घुसायची.

चौऱ्याऐंशी साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, दुपारी एक बैलगाडी आली. गाडीत बेबाबाई होती. वय एकोणीस, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण तिची आई देवाघरी गेलेली, म्हणून सासरीच राहिलेली. बरोबर सासू धुरपदाबाई होती. तिच्या लुगड्याला अजून कापसाची बोंडं अडकलेली होती.

गावात सुईण असताना ही मंडळी तीन कोस गाडी हाकत दवाखान्यात का आली? तर आमचा तोताराम इथे होता. तोताराम दवाखान्यात शिपाई, आणि धुरपदाबाईच्या चुलतपुतण्यांतला, म्हणजे नात्याने बेबाबाईचा जेठ. त्याला पाहिल्याबरोबर म्हातारीचा जीव भांड्यात पडला.

"तोताराम, तू शे म्हणीसन आठे लयी उनू रे बाप्पा. घरनी वहू शे. ध्यान ठेव."

"काकू, तू काळजी करू नको. मी शे ना आठे," तोताराम म्हणाला.

सासूला आत यायला बंदी होती. "इथे गर्दी चालत नाही," असं सुनंदाबाईंनी सांगितलं. सुनंदाबाई तेव्हाच्या सिस्टर. जिभेने तिखट, पण कामाला वाघीण. बारा गावांना एकटी सिस्टर, ती तरी कुठे कुठे पुरणार? त्यांनी बेबाबाईला तपासलं, "अजून वेळ आहे, पडून राहा," म्हणाल्या आणि लस टोचायला व्हरांड्यात गेल्या.

मी कपाटामागे होतो. फटीतून मला सगळं दिसत होतं.

तोताराम आत आला. न खाकरता. त्याने दिवा लावला. बेबाबाईने कचकन पदर ओढून तोंड झाकलं. मित्रांनो, अंगावरचं लुगडं सारखं करायला तिला हात उरला नव्हता, एका हाताने टेबल धरलेलं आणि दुसऱ्याने पदर. तोताराम गेला. पाच मिनिटांनी पुन्हा आला, बादली ठेवली. मग सिरिंजा घ्यायला आला. मग पंखा चालू करायला आला. घरची सून, काकूने भरवशावर सोडलेली, म्हणून तो बिचारा मायेने पुन्हा पुन्हा येत होता. एकदा दारातूनच ओरडला, "सिस्टर, आमच्या घरनी शे, नीट बघा बरं!"

आणि तो आत असला की बेबाबाई श्वाससुद्धा दाबून धरायची. कळ आली की पदराचा बोळा दातांत घ्यायची. जेठासमोर विव्हळायचं कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. ती ओरडत नाही म्हणून सुनंदाबाईंना वाटलं, कळा काही नेटाच्या नाहीत. दारातून डोकावून त्या एकदा म्हणाल्यासुद्धा, "आता कसला पदर घेतेस गं? बाळंत व्हायला आलीस की लग्नाला?" त्यावर बेबाबाईने पदर आणखी पुढे ओढला. बोलणार काय? जेठाचं नाव घ्यायचं नाही, 'ते इथे येतात' हे तरी सांगणार कोणत्या तोंडाने?

सातव्यांदा तोताराम कपबशीत चहा घेऊन आला. स्वतःच्या चहातला अर्धा तिच्यासाठी आणला होता. कप स्टुलावर ठेवून तो सिरिंजांच्या डब्यापाशी, पाणी उकळायची वाट बघत उभा राहिला. जाईना. बेबाबाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आडोसा कुठेच नव्हता. होता, पण तो कपाटामागे मिटून पडला होता. मी माझ्या तिन्ही पानांनी धडपडलो हो, पण लोखंडाची धडपड कोणाला दिसते?

ती टेबलावरून उतरली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. तोतारामला वाटलं, संडासला गेली असेल.

अर्ध्या तासाने ती सापडली. पाण्याच्या टाकीमागे, भिंतीला टेकून. मूल झालं होतं. मुलगा होता. त्याच्या गळ्याला नाळेचा वेढा होता आणि तो सोडवायला तिथे कोणी नव्हतं. सुनंदाबाईंनी त्याला आत आणलं, उलटा धरला, पाठ चोळली, तोंडाने फुंकर घातली. पण तो रडला नाही.

मग जे सगळीकडे होतं तेच झालं. सगळ्यांनी बेबाबाईलाच बोल लावला. टेबल सोडून पळाली, अक्कल नाही, पोर हातचं घालवलं. धुरपदाबाई कपाळ बडवत होती. तोताराम भिंतीशी उभा राहून म्हणत होता, "मी तं सात डाव जाईसन दखं!" आणि बेबाबाई पदराआड गप्प. तिला एकाही माणसाने विचारलं नाही की बाई, तू का उठलीस?

सगळे गेल्यावर सुनंदाबाई आत आल्या. कपाटामागे हात घालून त्यांनी माझ्या कापडाला डोळे पुसले. खूप वेळ रडल्या. आणि मग मला तिथेच ठेवून निघून गेल्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मला तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, त्यांना तरी कोणी शिकवलं होतं?

त्यानंतर आमच्या खोलीत बाया येईनाशा झाल्या. 'तठे मानसं येरझारा करतंस' हे गावोगाव झालं. टेबलावर धूळ बसली. मी उंदरांच्या आणि कोळ्यांच्या हवाली झालो. चार वर्षं.

अठ्ठ्याऐंशी साली सुनंदाबाईंची बदली झाली आणि मंदाबाई आल्या. भुसावळच्या, रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, ठेंगण्या, चष्मेवाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "गावात पोरं होतात की नाही? मग इथे का होत नाहीत?" कोणी म्हणे बाया अडाणी आहेत, कोणी म्हणे रस्ता वाईट आहे. मंदाबाईंनी छत्री घेतली आणि त्या बायांनाच विचारायला निघाल्या. शहाणी बाई! जिचं दुखतं तिलाच विचारावं, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत कोणाला सुचली नव्हती.

बेबाबाईला तेव्हा पुन्हा सातवा महिना होता. मधल्या चार वर्षांत कूस उजवली नव्हती, म्हणून घरात सगळे तिला फुलासारखे जपत होते. पण तिने निक्षून सांगितलं होतं, मरेन पण तिथे जाणार नाही. मंदाबाई तिच्याकडे तीनदा गेल्या. दोनदा नुसत्याच शेंगा फोडत बसल्या. तिसऱ्यांदा बेबाबाई बोलली. परत आल्यावर मंदाबाईंनी तोतारामला बाळंतखोलीत बोलावलं आणि माझ्यासमोरच ते सांगितलं.

"तोतारामभाऊ, तुमची भावजय का उठून गेली होती, ठाऊक आहे?"

"नशीब तिचं," तोताराम म्हणाला.

"नशीब नाही. ती मला म्हणाली, तठे मन्हा जेठ शेतस. त्या येतस-जातस. मी कशी निजू?"

तोताराम हळूहळू खाली बसला, सरळ फरशीवर. त्याने विचारलं, "मन्हामुळे? मी तं काळजीखाल जाये वो बाई. मी तं तिले चहा लयी गयथू." आणि तो मोठा, मिशावाला माणूस तोंडात उपरणं कोंबून रडला. चार वर्षांपूर्वी तिने कोंबला होता तसाच तो बोळा. मला त्याचा राग होता, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी तो राग गेला.

"रडून काय होणार?" मंदाबाई म्हणाल्या. "या खोलीत एक पडदा असायला हवा. डेडस्टॉकच्या वहीत 'नग एक' लिहिलंय. कुठे आहे तो?"

तेव्हा कुठे माझ्यावर हात पडला.

तोतारामने मला अंगणात नेलं आणि धुतलं. सायकलवाल्याकडून तेल आणून सहाही चाकांना पाजलं. कापड उंदरांनी खाल्लं होतं, तर त्याच्या बायकोने नवं शिवलं, आणि तेही दुहेरी. एकेरी कापडाआड दिवा लावला की सावली दिसते, हे तिला बाई म्हणून नेमकं कळलं. सुया उकळायचा डबा व्हरांड्यात गेला. कपाट शेजारच्या खोलीत गेलं. डॉक्टरसाहेब आधी कुरकुरले, पण मंदाबाईंपुढे त्यांचंही काही चाललं नाही. आणि नवा नियम झाला. अडलेल्या बाईजवळ तिची आई, सासू, बहीण, जी तिला हवी ती एक बाई बसेल. मग मला उलगडून टेबल आणि दार यांच्यामध्ये उभं केलं गेलं. सात वर्षांनी मी माझ्या कामावर रुजू झालो.

एवढं करूनही बेबाबाई येईल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, झाली. गावोगावच्या लेकी माहेरी येऊन झोके खेळून परत गेल्या. तोताराम रोज सकाळी रस्त्याकडे बघायचा. आणि एके दिवशी, ऊन चढायच्या आत, तीच बैलगाडी आली.

बेबाबाई दारात थबकली. आधी तिने कपाटाची जागा पाहिली, मग दार पाहिलं, मग मला पाहिलं. माझं कापड तिने दोन बोटांत धरून चाचपलं. मंदाबाई म्हणाल्या, "घाई नाही, बेबाबाई. तुम्ही म्हणाल तेव्हा तपासते." मोठ्या घरच्या बाईशी बोलावं तसं 'तुम्ही' म्हणाल्या. बेबाबाईला आयुष्यात कोणी 'तुम्ही' म्हटलं नसावं. ती टेबलावर चढली. धुरपदाबाई तिच्या उशाशी बसली.

बाळंतपण सोपं नव्हतं. दुपार झाली तरी सुटका होईना. मंदाबाईंच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी मोठ्याने हाक मारली, "तोतारामभाऊ, शेजारच्या कपाटातला लाल झाकणाचा ट्रे आणा, लवकर! आणि डॉक्टरांना निरोप द्या!"

हाक ऐकताच बेबाबाईचं अंग ताठ झालं. तिने पदर शोधला. कोपर टेकून ती अर्धी उठलीसुद्धा. मित्रांनो, माझ्या लोखंडाला घाम फुटला. आता ही पुन्हा उतरणार. या वेळी उतरली तर मूलही जाईल आणि कदाचित तीही.

पावलं धावत आली. दाराशी आली. आणि थांबली.

तोताराम खाकरला.

घरच्या उंबऱ्याशी खाकरतात तसाच, जरा लांब. मग माझ्या कडेने ट्रे धरलेला नुसता एक हात आत आला. त्याने ट्रे स्टुलावर ठेवला आणि तो मागे गेला. मनगटापुढे काही दिसलं नाही. तो माझ्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणू लागला, "थांबा. आत बाई शे."

बेबाबाई पुन्हा टेबलावर आडवी झाली. पुढची कळ आली तेव्हा ती ओरडली. "माय वं!" कौलं हलतील अशी ओरडली. चार वर्षांपूर्वीचं सगळं ओरडणं त्यात होतं. धुरपदाबाईने तिचं डोकं छातीशी घेतलं आणि म्हणाली, "वरड मन्ही माय, वरड." कोणी तिला गप्प कर म्हटलं नाही.

आणि मग दुसराच एक आवाज आला. बारीक, चिडका, हक्काचा. बाळ रडलं. डॉक्टरसाहेब दाराशी पोहोचले होते, तोतारामने त्यांनाही थांबवलं, तर तेही खाकरून आत आले.

तोताराम माझ्यापलीकडे उभाच होता. आत काय झालं हे विचारायची त्याची हिंमत नव्हती. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तेव्हा बेबाबाईने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पडदा रे," ती म्हणाली, "आबासले सांग. आंडेर व्हयनी. आनि सांग, मन्हा मनमा काही नही. त्यास्नी आते रडानं नही."

मुलगी झाली, हा आबांसाठीचा, म्हणजे जेठासाठीचा निरोप तिने मला दिला! उंबऱ्याला देतात तसा. तोपर्यंत माझ्यावर टॉवेल टाकणारे, मला ढकलणारे पुष्कळ भेटले होते. माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मला तोंड असतं तर मी शब्दन्शब्द पोहोचवला असता. पण तशी गरज पडली नाही. पलीकडे तोताराम एवढंच म्हणाला, "सांग रे पडदा, ऐकं मी," आणि व्हरांड्यात जाऊन त्याने दोन्ही हातांनी तोंड धुतलं.

त्यानंतर नऊ-दहा वर्षं मी उभा राहिलो. किती बाया माझ्याआड मोकळेपणाने रडल्या, ओरडल्या, हसल्या, त्याची मोजदाद नाही. मंदाबाई बदलून गेल्या, जाताना माझं कापड धुऊन गेल्या. आता माझे सांधे गंजलेत, पानं लवंडतात. भंगारात जायचं दुःख मला नाही. लोखंडाचं पुन्हा लोखंड होतं.

पण माझी एक विनंती आहे. नवा पडदा मागवलाय म्हणतात, तो अजून आलेला नाही. मित्रांनो, तो येईपर्यंत मला उचलू नका. मोडका असेन, दोरीने बांधा, भिंतीला टेकवा, पण माझी जागा एक दिवस काय, एक दुपारही रिकामी ठेवू नका. मी ती रिकामी ठेवलेली पाहिली आहे. आणि तुम्ही मोठे व्हाल, कोणी डॉक्टर व्हाल, कोणी सिस्टर, कोणी शिपाई. औषध तर द्यालच. पण आत जाण्याआधी थांबा. ती बाई का उठली, हे तिलाच विचारा.

काल तोताराम आला होता. तोही गेल्या वर्षी निवृत्त झाला, केस पांढरे झाले. माझी बातमी त्याला कळली असावी. खोलीत कोणी नव्हतं, टेबल मोकळं होतं, माझ्याआड नुसतं ऊन पडलं होतं. तरी तो दाराशी थांबला आणि खाकरला. मग तसाच उभा राहिला, आतून कोणी 'या' म्हणेल म्हणून.

मला म्हणता आलं नाही. पण तो बऱ्याच वेळाने आत आला आणि त्याने माझ्या गंजलेल्या चाकांना तेल घातलं.